टायरझीज, इलेक्ट्रिक पिकअप ट्रकमधील : ड्राइव्ह मोड व गाडीची उंची यांचा परिणाम

इलेक्ट्रिक पिकअप ट्रकच्या टायरची नक्षी किती लवकर आणि कोणत्या बाजूने घासली जाते, हे गाडीचे वजन, मोटरींचा टॉर्क, चाकांची भूमिती व चालवण्याची पद्धत यांवर ठरते. यांपैकी दोन गोष्टी चालकाला पडद्यावरच्या एका बटणाने बदलता येतात. एक म्हणजे कोणती चाके गाडी ओढणार हे ठरवणारा ड्राइव्ह मोड आणि दुसरी हवेच्या सस्पेन्शनमुळे वरखाली होणारी गाडीची उंची. बहुतेक गाड्यांत मोड बदलला की उंचीही आपोआप बदलते. त्यामुळे झीज नेमकी कशामुळे झाली यावर मतभेद आहेत. या विषयाची चर्चा मुख्यतः रिव्हियन कंपनीच्या आर१टी या ट्रकभोवती झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागलेला हा ट्रक अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी तयार होतो. प्रस्तुत नोंदीतही मुख्य आधार त्याचाच घेतला आहे.

पूर्वपीठिका : चालकाला हवी तशी उंची देणारी पहिली मोटार कोणती, याबद्दल एकमत नाही. अमेरिकी लेखक १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमकडे बोट दाखवतात. त्या गाडीत कारखान्यातूनच हवेचे फुगे बसवलेले होते व भार वाढला तरी गाडी समतल राहत असे. फ्रेंच परंपरा १९५५ च्या सिट्रोएन डीएसला हा मान देते. तिच्यात तेल व दाबाखालचा वायू यांची जोडणी होती, म्हणजे काटेकोर अर्थाने ते हवेचे सस्पेन्शन नव्हे. मात्र आतला दांडा सरकवून उंची निवडण्याची सोय तिच्यात होती. प्रस्तुत विषयात ‘चालकाने निवडलेली उंची’ महत्त्वाची असल्याने डीएसचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे हवेचे सस्पेन्शन १९९२ मध्ये रेंज रोव्हरमध्ये आले आणि महामार्गावर वेग वाढला की गाडी थोडी खाली बसवण्याची कल्पनाही त्याच सुमारास चौचाकी ओढीच्या वाहनांत रुजली. ड्राइव्ह मोडचे मूळ याहून धूसर आहे. स्वयंचलित गिअरबॉक्सवरची ‘पॉवर’ व ‘इकॉनॉमी’ अशी बटणे १९८० च्या दशकातील जपानी गाड्यांत दिसतात. इंजिन, गिअर, ब्रेक व उंची एकाच गोल बटणाला बांधण्याची पद्धत साधारणपणे २००४ च्या लँड रोव्हर डिस्कव्हरी-३ मधील ‘टेरेन रिस्पॉन्स’पासून धरतात.

झिजेचे शास्त्र : रबर रस्त्यावर नुसते फिरल्याने फारसे झिजत नाही, घसरल्याने झिजते. टायरचा जो भाग क्षणभर जमिनीला टेकतो त्याचा पुढचा हिस्सा रस्त्याला चिकटून राहतो व मागचा हिस्सा सुटताना किंचित घसरतो. चाकावर ओढीचे, ब्रेकचे किंवा आडवे बल जितके अधिक, तितका हा घसरणारा हिस्सा वाढतो. ब्रिटनमधील रबर संशोधक अ‍ॅडॉल्फ शालामाख यांनी १९५० व १९६० च्या दशकांत या घसरणीचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या मांडणीचा सारांश असा की, माफक घसरणीच्या मर्यादेत झीज साधारणपणे बलाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुढच्या संशोधकांनी या घातांकात फेरफार सुचवले आहेत. रबराचे मिश्रण, रस्त्याचा खरखरीतपणा व तापमान यांनुसार तो बदलतो. तरीही वर्गाचा नियम प्राथमिक हिशेबाला पुरेसा धरला जातो.

या नियमाचा मोडशी संबंध उघड आहे. समजा गाडी पुढे नेण्यासाठी एकूण एक एकक बल लागते. ते चारही चाकांवर सारखे वाटले तर प्रत्येकी पाव येते, पावाचा वर्ग एक सोळांश, आणि चार चाकांची मिळून ओढीमुळे होणारी एकूण झीज पाव धरता येते. तेच बल दोन पुढच्या चाकांनी पेलले तर प्रत्येकी अर्धे येते व एकूण झीज अर्धी होते. म्हणजे एकूण झीज दुप्पट होते आणि पुढच्या प्रत्येक टायरची ओढीची झीज चौपट होते, तर मागचे टायर ओढीपासून जवळजवळ सुटतात. हा हिशेब फक्त ओढीच्या बलापुरता आहे. वळणावरचे आडवे बल त्यात धरलेले नाही, आणि सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना ओढीचे बल मुळात कमीच असते. त्यामुळे मोडचा खरा फरक शहरातल्या थांबा-चालू वाहतुकीत, घाटात आणि वेग घेताना पडतो.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक गोष्ट भर घालते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्र बनून गाडी रोखते व वीज बॅटरीत परत जाते. मोटर ज्या चाकांना जोडलेली, रोधही त्याच चाकांवर येतो. केवळ पुढची चाके ओढणाऱ्या मोडमध्ये ओढणे, रोखणे व वळणे ही तिन्ही कामे पुढच्या दोन टायरांवर पडतात. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत ब्रेक चारही चाकांवर विभागला जातो, हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढच्या टायरांचा दोष उगाचच त्यांच्या दर्जावर जातो.

उंची व चाकांची भूमिती : आर१टीच्या पुढच्या चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या व खालच्या अशा दोन बाहूंनी धरणारी रचना आहे. अशा रचनेत वरचा बाहू बहुधा खालच्यापेक्षा आखूड असतो. गाडी खाली बसली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे ऋण कॅम्बर वाढतो व भार टायरच्या आतल्या कडेकडे सरकतो. त्याचबरोबर स्टिअरिंगच्या जोडदांड्याचा कोन बदलतो आणि टो, म्हणजे वरून पाहिल्यास चाके एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून वळलेली असण्याचे प्रमाण, हलते. बहुतेक गाड्यांत खाली बसताना पुढची चाके किंचित बाहेर वळतात.

यांपैकी अधिक नुकसान कोण करते यावर दोन मते आहेत. गॅरेजमध्ये ‘टायर आतून खाल्ला’ की कॅम्बरला दोष देण्याची रीत आहे आणि नजरेला दिसणारा झुकावही तोच असतो. टायर तंत्रज्ञ मात्र टोला अधिक जबाबदार धरतात. त्यांची बाजू भक्कम आहे. चाक जाण्याच्या दिशेशी एक अंश तिरके असेल तर प्रत्येक किलोमीटरमागे त्याला सुमारे साडेसतरा मीटर आडवे ओढले जाते. एकदशांश अंशालाही पावणेदोन मीटर होतात. हे सगळे अंतर रबर घसरत काटत नाही, काही भाग टायरच्या लवचिकपणात जिरतो, पण उरलेली घासणी प्रत्येक फेऱ्यात, अव्याहत चालू राहते. टो बरोबर असेल तर एक-दोन अंशांचा कॅम्बर टायर बराच काळ सोसतो. दोन्ही एकत्र आले, म्हणजे चाक आत झुकलेले आणि बाहेर वळलेले असले, की आतली कड झपाट्याने जाते.

येथे अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे हे कोन मोजून जुळवण्याचा, एक बारकावा महत्त्वाचा आहे व तो पुष्कळदा सुटतो. कोन मोजले जातात ते गाडी ठरावीक उंचीवर ठेवून. रोजचा प्रवास त्यापेक्षा खालच्या उंचीवर होत असेल, तर यंत्राच्या कागदावरचे हिरवे, म्हणजे कोन बरोबर असल्याचे दाखवणारे, आकडे प्रत्यक्ष रस्त्याला लागू पडत नाहीत. अलाइनमेंट ‘बरोबर’ असूनही टायर आतून जातात, त्याचे उत्तर बहुधा येथेच मिळते.

आर१टीचे उदाहरण : पहिल्या पिढीच्या चार मोटरींच्या आर१टीचे वजन सुमारे ३,२०० किलो आहे व सर्वांत उंच स्थितीत तिचा तळ जमिनीपासून सुमारे ३८ सेंमी. वर जातो. या गाडीच्या ‘कन्झर्व्ह’ मोडमध्ये पल्ला वाढावा म्हणून ओढ पुढच्या चाकांवर दिली जाते आणि हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून गाडी खाली बसते. म्हणजे वर सांगितलेली दोन्ही कारणे एकाच बटणाने एकत्र येतात. सदैव याच मोडमध्ये फिरणाऱ्या मालकांनी पुढचे टायर मागच्यांच्या आधी, विशेषतः आतल्या कडेला, संपल्याच्या तक्रारी केल्या. ‘स्पोर्ट’मध्येही गाडी खाली बसते, पण तेथे चारही चाके ओढतात. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगमध्ये, जिचे उत्पादन एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाले, मोड आहेत पण साध्या स्प्रिंगांमुळे उंची बदलत नाही. ही तिहेरी तुलना कारणे वेगळी करायला उपयोगी पडते. मात्र मालकांच्या नोंदींत हवेचा दाब, रस्ता व चालवण्याची सवय सारखी धरलेली नसते, म्हणून त्यांवरून आकडे काढणे योग्य नाही.

उंच स्थितीचा झिजेवरचा परिणाम नगण्य मानला जातो. तेव्हा कॅम्बर उलट दिशेने सरकतो व बाहेरच्या कडेवर भार येऊ शकतो, पण त्या उंचीवर गाडी कमी वेगाने, खडकाळ वाटेवर व थोडाच वेळ चालते. तेथे धोका चिरा व तुकडे उडण्याचा असतो. जीएमसी हमर ईव्हीमधील गाडी उचलणारा ‘एक्स्ट्रॅक्ट’ मोड याच प्रकारचा आहे.

निदान : कारण ओळखण्याचा भरवशाचा मार्ग टायरवरच लिहिलेला असतो. नक्षीची खोली आतल्या, मधल्या व बाहेरच्या अशा तीन खोबणींत मोजावी. पुढच्या टायरची तिन्ही मापे सारखीच उतरलेली पण मागच्यापेक्षा कमी असतील, तर दोष ओढीचा, म्हणजे मोडचा. आतले माप एकटेच खाली गेले असेल, तर भूमितीचा, म्हणजे उंचीचा. आणि तळहात नक्षीवरून आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे टोचत असेल, तर टो बिघडला आहे असे समजावे. ओढीच्या व उंचीच्या अशा दोन्ही खुणा एकत्र दिसणे हीच ‘कन्झर्व्ह’ची ओळख म्हणता येईल. ठोकळेदार ऑल-टेरेन टायरमध्ये प्रत्येक ठोकळ्याची मागची-पुढची कड असमान झिजते व आवाज वाढतो. तेथे हे वाचन अवघड होते.

पुढचे व मागचे टायर नियमितपणे अदलाबदल करणे हा मान्य उपाय आहे. त्याने एकूण झीज कमी होत नाही, फक्त वाटली जाते. आतली कड मात्र अदलाबदलीने वाचत नाही. तिच्यासाठी नेहमी वापरायच्या उंचीवर टो तपासणे, किंवा रोजच्या वापरात मधली उंची ठेवणे हेच खरे. २७५/५५ आर२१ मापाच्या टायरची नक्षी चार मिमी. झिजली तर परीघ सुमारे २५ मिमी., म्हणजे जवळपास एक टक्का घटतो. यांत्रिक जोडणीच्या फोर-व्हीलमध्ये एवढा फरक गिअरांवर ताण आणतो. प्रत्येक चाकाला वेगळी मोटर असलेल्या गाडीत तो ताण येत नाही, त्यामुळे पुढच्या-मागच्या टायरांतला फरक बराच काळ लक्षातही येत नाही.

जड मालवाहू ट्रक : या गटाबद्दल प्रसिद्ध माहिती त्रोटक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा ग्राहकाला दिलेल्या टेस्ला सेमीत तीन मोटरी मागच्या आसांवर आहेत. संथ प्रवासात एकीवर भागते व वेग घेताना इतर दोन जोडल्या जातात. मोडप्रमाणे ओढीचे वाटप बदलण्याचे तत्त्व येथेही तेच. पण हवेच्या फुग्यांवर बसवलेल्या अखंड आसाची उंची बदलली तरी दोन्ही चाके एकत्र वरखाली होतात व कॅम्बर जवळपास बदलत नाही. म्हणून पिकअपवरचे निष्कर्ष या ट्रकांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

नियमन : झिजलेले रबर बारीक कणांच्या रूपाने माती व पाण्यात जाते. टायरमधील ६पीपीडी या रसायनाच्या ओझोनशी होणाऱ्या क्रियेतून बनणारा पदार्थ कोहो सॅमन माशांना मारक असल्याचे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या युरो-७ नियमावलीत टायरच्या झिजेला मर्यादा घालण्याची तरतूद आहे. ती टायरला लागू आहे, मोड किंवा उंचीच्या रचनेला नाही. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१४२ या मानकात रोलिंग रोध, ओल्या रस्त्यावरची पकड व टायरचा आवाज यांचा विचार केला आहे.