फोनमधली उंची नेमकी कुठून मोजलेली?

कृष्णा वाढू लागली की सांगलीत दोन आकडे फिरतात. एक आयर्विन पुलाची पातळी, दुसरा ॲपने दाखवलेली आपल्या घराची उंची. पुलाचे फूट (इशारा 40, धोका 45) तिथल्या पट्टीच्या शून्यापासून मोजतात, समुद्रसपाटीपासून नव्हे. ॲपचा आकडा मात्र कुठून मोजला, हे बहुधा लिहिलेलेच नसते. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन फोनांपैकी एक 550 मीटर दाखवतो, दुसरा 480, आणि दोघेही बरोबर असू शकतात.

उपग्रहांना समुद्र ठाऊक नसतो. त्यांचे संकेत घेणारा फोनमधला रिसीव्हर पृथ्वीच्या केंद्राच्या संदर्भाने स्थान काढतो आणि उंची एका गुळगुळीत गणिती लंबगोलापासून मोजतो. समुद्रसपाटी ठरवते गुरुत्वाकर्षण. तो पृष्ठभाग, म्हणजे जिऑइड, उंचसखल असतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो लंबगोलाच्या 100 मीटरहून जास्त खाली आहे, आपल्याकडे साधारण 70 मीटर. म्हणून लंबगोलापासूनचे 480 वजा जिऑइडची उंची (उणे 70) बरोबर समुद्रसपाटीपासूनचे 550. उणे चिन्ह विसरलात तर उत्तर 410, म्हणजे तब्बल 140 मीटरची चूक!

व्हॉट्सॲपवरचा ‘हिंदी महासागरातला गूढ खड्डा’ म्हणजे श्रीलंकेच्या दक्षिणेचा हाच खोलगट भाग. त्यात जहाज घसरत नाही, कारण पाण्याच्या लेखी तिथे उतारच नाही. पाणी लंबगोल पाहून वाहत नाही. दहा किलोमीटरमध्ये जिऑइड वीस सेंटिमीटर झुकला, तर सपाट नदीकाठी नुसत्या उपग्रही उंचीवरून काढलेल्या पाटाचा उतार चक्क उलटा येऊ शकतो.

पूररेषेसाठी फोन कामाचा नाही. उपग्रहांचे संकेत दोन फ्रिक्वेन्सींवर घेणारा रिसीव्हर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या किमान तीन बेंचमार्कांवर (समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदलेल्या खुणांवर) लावावा, प्रत्येक ठिकाणी उपग्रही आणि नोंदलेल्या उंचीतला फरक काढून त्यातून तिरपे प्रतल (सपाट पृष्ठभाग) बसवावे आणि चौथ्या बेंचमार्कावर ते तपासावे. सांगली-मिरजेच्या सपाटीवर हे जमते. कोयनेच्या खोऱ्यात नाही, कारण डोंगरांचे वस्तुमान जिऑइडला वाकवते. तिथे जिऑइडचे मॉडेल हवेच.

इतके करूनही उभी चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट राहते. पूर्वेच्या उपग्रहाची चूक पश्चिमेचा सावरतो, पण खालून सावरायला उपग्रहच नसतो. मध्ये पृथ्वी आहे. त्यात तिपाईवरच्या अँटेनाची उंची टेपने तिरकी मोजून सरळ म्हणून नोंदवली, की आणखी सेंटिमीटरभर गेला.