सुलेखनासाठी रंगवलेला जलरंग कागद

जलरंगाचा पातळ हात देऊन कागदाला छटा आणणे आणि तो पूर्ण वाळल्यावर त्यावर टाक, बोरू किंवा चपट्या कुंचल्याने अक्षरे लिहिणे, ही सुलेखनातील एक रूढ पूर्वतयारी आहे. पाहणाऱ्याचे लक्ष रंगाकडे जाते, पण लिहिणाऱ्यापुढे प्रश्न असतो तो खळीचा. कागदाच्या तंतूंना जिलेटिन, स्टार्च किंवा कृत्रिम द्रव्याची खळ दिलेली असते आणि तिच्यामुळेच शाई आत न मुरता वर थांबते. रंगवताना ही खळ बिघडली, तर पार्श्वभूमी कितीही देखणी असली तरी अक्षराच्या कडा फुटतात.

इराणी आणि ऑटोमन सुलेखनकारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. पांढरा कागद डोळ्यांना टोचतो म्हणून ते तो चहा, कांद्याची किंवा डाळिंबाची साले यांच्या काढ्यात रंगवत. आजच्या अफगाणिस्तानातील हेरातमध्ये काम केलेल्या सुलतान अली मशहदी या सुलेखनकाराने तर केशर, मेंदी आणि शाईचे काही थेंब यांच्या मिश्रणाची शिफारस केली आहे. रंगवणे आणि खळ देणे ही मात्र दोन वेगळी कामे मानली जात. रंग वाळल्यावर अंड्यातील पांढरे आणि तुरटी यांचा लेप (फारसीत त्याला ‘आहार’ म्हणतात) देऊन कागद अकीक या गुळगुळीत दगडाने घोटत. असा कागद मुरायला पुष्कळ दिवस ठेवत. त्यावर काजळीची शाई इतकी वरच्यावर राहते की चुकलेले अक्षर ओल्या बोटाने पुसता येते. महाराष्ट्रात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा आणि जुन्नरचा हातकागद प्रसिद्ध होता. घोटलेल्या कागदावर बोरू न अडखळता चालतो, हे मोडी लिहिणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवातले होते.

आजचा जलरंग कागद खळ घेऊनच बाजारात येतो. त्यामुळे आता खळ नव्याने देण्यापेक्षा असलेली राखणे महत्त्वाचे ठरते. अक्षरांसाठी शंभर टक्के कापसाचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, गुळगुळीत ‘हॉट प्रेस’ कागद उत्तम. खरखरीत कागदावर निब उंचवट्यांना अडकते आणि शाईचे शिंतोडे उडतात. कागद पातळ असेल तर तो भिजवून, फळीवर ओल्या गमपट्टीने ताणून बसवावा. भिजवायला गार पाणी घ्यावे आणि थोडाच वेळ भिजवावे, कारण गरम पाण्यात जिलेटिन विरघळून निघून जाते.

सपाट छटेसाठी रंग लागेल त्याहून जास्तच कालवून ठेवावा. मध्येच संपला तर तोच रंग पुन्हा जुळत नाही. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, हेही कालवतानाच ध्यानात घ्यावे. फळी किंचित उतरती ठेवून रुंद कुंचल्याने वरून आडवा पट्टा ओढला की त्याच्या खालच्या कडेला रंगाची ओळ साठते. पुढचा पट्टा त्या ओळीला धरून ओढायचा. शेवटी तळाशी उरलेला रंग निथळलेल्या कुंचल्याने टिपून घ्यायचा. तो राहिला तर मागे सरकून फुलकोबीसारखा डाग पडतो. तो डाग घासून काढू नये. घासलेल्या जागी तंतू उभे राहतात, खळ जाते आणि शाई नेमकी तिथेच पसरते. मीठ टाकून काढलेली नक्षी सुंदर दिसते. परंतु त्याचे कण कागदात राहून ओल धरतात, म्हणून लिहिण्याच्या जागी ती टाळलेलीच बरी.

रंगाची निवडही निबेच्या अंगाने करावी लागते. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे सुरेख रवाळ पोत येतो. पण ओली निब ते उचलते आणि शाई गढूळ होते. थॅलो निळा तंतूंना घट्ट धरतो, म्हणून तो अगदी पातळ केला तर लेखनाला स्थिर तळ मिळतो. लिहिण्याच्या पट्ट्यात छटा शांत ठेवावी आणि गडद खेळ कडांकडे न्यावा. देवनागरीत तर हे अधिकच जाणवते. शिरोरेषा लांबवर सलग जाते, त्यामुळे तिच्या वाटेत खळ विरलेला एक जरी ठिपका आला तरी रेषा तिथे जाडावते आणि सगळी ओळ बिघडते.

म्हणून त्याच कागदाच्या रंगवलेल्या तुकड्यावर आधी त्याच शाईने लिहून पाहावे. शाई किंचित पसरत असेल तर सँडरॅक राळेची बारीक पूड कापडी पुरचुंडीने हलकेच थोपटून जादा झटकावी. गडद छटेवर पांढरा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, सायीइतका दाट करून कुंचल्याने निबेत भरतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर कोरा कागदही हवाबंद ठेवावा. दमट हवेत खळ जागोजागी मरते. कोऱ्या कागदावर ते दिसत नाही, रंगाचा पहिला हात फिरला की ठिपके उमटतात. चौकटीत लावायच्या कामासाठी गेरू, पिवळी माती असे उजेडात टिकणारे रंग घ्यावेत. जुना अ‍ॅलिझरिन किरमिजी पातळ छटेत लवकर उडतो.