निनावी व टोपणनावी लेखन (गोवा)

लेखकाचे नाव न देता किंवा घेतलेल्या नावाने केलेले लेखन. टोपणनावामागे एकच व्यक्ती सातत्याने असते; निनावी मजकुराला तेवढाही धागा नसतो. कोकणी लेखक वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (१८७७–१९४६) हे शणै गोंयबाब याच नावाने अधिक ओळखले जातात. बा. भ. बोरकरांचे ‘बाकीबाब’ मात्र टोपणनाव नव्हे. ते लोकांनी दिलेले लाडके नाव. संतकाव्यातील नाममुद्रा याच्या अगदी उलट: सोहिरोबानाथ आंबिये यांच्या पदांत कवी स्वतःच ‘सोहिरा’ म्हणून हजर होतो.

प्राचीन उदाहरण म्हणून पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयातल्या हस्तलिखितांकडे बोट दाखवले जाते. रोमन लिपीत उतरवलेल्या या बाडांत रामायण-महाभारतातील कथा कोकणी गद्यात आहेत. कर्त्याचे नाव नाही. याच संग्रहात श्रीकृष्णचरित्रकथा हे मराठी ओवीबद्ध काव्यही आहे. त्याचा कर्ता गोव्यातील केळशीचा कृष्णदास शामा व रचनाकाळ शके १४४८ (इ. स. १५२६) मानला जातो. या शेजारामुळे गद्यही शामाचेच, असे एक मत आहे. काव्य मराठीत व गद्य कोकणीत, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. पण तो निर्णायक नाही. फादर स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण (१६१६) मराठीत रचले आणि त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापले गेले. एका हाताला दोन भाषा चालत. खरी अडचण वेगळी आहे. मजकूर एकत्र आणला तो संग्राहकांनी, लेखकाने नव्हे. एका बासनात बांधले म्हणून एका हातचे ठरत नाही. शिवाय लिप्यंतर करताना नक्कलकाराने किती फिरवले असेल, हेही मोजता येत नाही. तूर्त हे गद्य निनावी समजणेच सावधपणाचे.

मराठी नियतकालिके गोव्यात साधारण १८७० नंतर निघू लागली. आनंदलहरी (१८७०) हे बहुधा पहिले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना मोकळीक मिळाली व पत्रे वाढली. भारत (१९१२) त्यांपैकी एक. पुढच्या काळात वाचकांच्या पत्रांखाली ‘एक गोमंतकीय’, ‘एक मुंडकार’ (मुंडकार म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा) अशा सह्या रूढ झाल्या. खरे नाव-पत्ता संपादकाकडे द्यायचा, छापायचा नाही, हा संकेत.

हा पडदा तसा विरळच. खाजन शेतीतल्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीतल्या) एखाद्या मानशीचे, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडण्याच्या वाटेचे, दार फुटून खारे पाणी शेतात शिरले, अशी तक्रार कोणी ‘एक कूळ’ या सहीने केली, तर त्या बांधामागे शेत असलेली घरे किती, हे गावाला पाठ असते. त्यात ‘व्हाळ’, ‘भाट’, ‘भाटकार’ (जमीनमालक) हे शब्द आले की लिहिणारा कोणत्या वाड्यावरचा, यावर पैज लागायची. उपसंपादक ‘व्हाळ’चा ओढा व ‘भाटा’ची बाग करतो तेव्हा तो भाषा सुधारतो एवढेच सहसा सांगितले जाते. त्याच लेखणीने तो लेखकाला झाकतोही. ‘मानस’ मात्र त्याला बदलता येत नाही. प्रमाण मराठीत त्या वस्तूला रूढ शब्द नाही.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छपाईपूर्वीची तपासणी आली; लग्नपत्रिकासुद्धा दाखवाव्या लागत, असे स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत येते. नाव लपवणे तेव्हा संकोचाचे उरले नाही, सुरक्षेचे झाले. १९५५ ते १९६१ या काळात जंगलातून चाललेले गुप्त नभोवाणी केंद्र (वामन सरदेसाई, लिबिया लोबो) याच परंपरेत धरता येईल.

निनावी धमकी हा स्वतंत्र गुन्हा आहे: पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ५०७, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१(४). २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर, सक्षम आदेश असल्यास, संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन घातले.

  गावच्या व्हॉट्सअॅप गटात सदस्याचा फोन नंबर सहसा सर्वांपुढे असतो, त्यामुळे तेथे टोपणनावाचा फारसा उपयोग होत नाही.