मुठीत मावणारा आधार

जुन्या वाड्यांमधला लाकडी जिना ज्यांनी चढला असेल त्यांना तो दोर नक्की आठवेल. जिना अंगावर येणारा, अंधारा, आणि पायरी इतकी अरुंद की पाऊल तिरकं टाकावं लागे. बाजूला कठडा बहुधा नसेच. वरच्या तुळईला बांधलेला एक जाड दोर तेवढा खाली सोडलेला असायचा, हातांच्या तेलाने काळा आणि गुळगुळीत झालेला. माझ्या आजीचे गुडघे धरलेले होते, तरी त्या दोराच्या भरवशावर ती दिवसातून चारदा माडीवर जायची. ‘दोर सोडू नको गं’ हे तिचं वाक्य माझ्या कानात अजून आहे.

गेल्या पावसाळ्यात आमची आई सोसायटीच्या जिन्यात पडली. इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही. जिना चांगला रुंद, उजेडाचा, आणि त्याला कठडाही आहे. विटांची साडेचार इंची भिंत, तिच्यावर पॉलिश केलेली ग्रॅनाइटची लादी. खालून दुसऱ्या पायरीवर तिचा पाय सटकला आणि मनगट मोडलं. दवाखान्यात जो येईल तो विचारत होता, ‘काकू, कठडा धरला नव्हता का?’ आई प्रत्येकाला एकच सांगत होती, ‘हात होता की त्याच्यावरच.’

हात खरंच त्याच्यावर होता. पण लादीवर हात ठेवणं वेगळं आणि आधार मुठीत धरणं वेगळं.

स्वयंपाकघरात जाऊन करून पाहा. एका हातात लाटणं घट्ट धरा आणि दुसऱ्याला ते ओढायला सांगा. मग ओट्याच्या कडेवर तळवा दाबून ठेवा आणि तो हात ओढायला सांगा. लाटण्याभोवती बोटं एका बाजूने वळतात, अंगठा दुसऱ्या बाजूने येऊन बोटांवर बसतो आणि मूठ बंद होते. नेपियर या ब्रिटिश अभ्यासकाने १९५६ साली हाताच्या पकडींची मांडणी करताना या पकडीला ‘ताकदीची पकड’ म्हटलं आणि सुई धरण्यासारख्या पकडीला ‘नेमकेपणाची पकड’. पडताना उपयोगी पडते ती फक्त पहिली. सपाट लादीवर आपल्याकडे असतं निव्वळ घर्षण. तळवा १० किलोच्या जोराने दाबला तर त्यातून हात रोखणारी ताकद मिळते साधारण ५ किलोची, आणि दगड ओला असेल तर त्याहूनही कमी. खाली निघालेलं शरीर ६० किलोचं असतं. शिवाय पडताना माणूस खाली दाबत नाही, तो बाजूला आणि पुढे फेकला जातो. त्या दिशेने लादीला धरायला काहीच नसतं.

म्हणून जगभरचे नियम आधाराच्या जाडीपासून सुरू होतात. आपल्याकडच्या केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग आणि वृद्धांनाही इमारतीत सहज वावरता यावं यासाठीच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये गोल नळीचा व्यास ३८ ते ४५ मिलिमीटर सांगितला आहे. अमेरिकेत तो ३२ ते ५१ मिलिमीटरपर्यंत चालतो. ४० मिलिमीटरच्या नळीचा घेर भरतो साडेबारा सेंटीमीटर. बहुतेकांची बोटं त्याभोवती वळून अंगठ्याला भेटतात. संधिवाताने बोटं पुरती मिटत नसतील तर नळी फार बारीकही नको, कारण मूठ पोकळ राहते. भिंत आणि नळी यांच्यात ५० मिलिमीटरची मोकळी जागा हवी, म्हणजे पेरं भिंतीला घासत नाहीत. आणि नळीला टेकू द्यायचा तो खालून. बाजूने किंवा वरून ब्रॅकेट मारले की दर तीन फुटांवर मूठ उघडावी लागते, आणि पाय नेमका त्याच क्षणी सटकणार नाही याची खात्री कोण देणार?

क्षण फार थोडे असतात. एक मीटर उंचीवरून खाली पडायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. टोरोंटोमध्ये ब्रायन माकी आणि विल्यम मॅकिलरॉय या संशोधकांनी माणसांना हलत्या फळीवर उभं करून तोल गेल्यावर हात काय करतो हे वर्षानुवर्षं मोजलं. तोल गेल्यापासून साधारण एक दशांश सेकंदात हाताचे स्नायू कामाला लागतात, आपण ठरवून हात हलवतो त्याहून लवकर. शरीर आपलं काम चोख करतं. हात पोचतो तिथे मुठीत येण्यासारखं काही असावं, एवढाच प्रश्न उरतो.

आपली खरी गल्लत अशी की ‘रेलिंग’ या एका शब्दात आपण दोन वेगळी कामं कोंबतो. एक काम कडेवरून पलीकडे जाऊ न देण्याचं, तो कठडा. दुसरं काम चालताना हाताला आधार देण्याचं, ती हँडरेल. दोन्हींची उंची वेगळी असते आणि त्यामागचं कारण सरळ भौतिकशास्त्राचं आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर, म्हणजे बेंबीच्या जरा खाली असतो. पावणेसहा फुटी माणसाचा तो ९५ सेंटीमीटरच्या आसपास येतो. कठडा त्याहून खाली असला तर तो माणसाला अडवत नाही, उलट टेकू होऊन पलीकडे उलटवतो. म्हणून बाल्कनीचा आणि गच्चीचा कठडा किमान १ मीटर हवा. जुन्या चाळींच्या गॅलऱ्यांचे कठडे पाहिले की पोटात गोळा येतो. त्यात कोणी कठड्याला लावून प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली की लहान मुलासाठी ती उंची एका झटक्यात निम्मी होते.

चालताना हाताला मात्र १ मीटर उंच आधार जड जातो. कोपर वर उचललं जातं आणि खांदा ताठतो. कोपर किंचित वाकलेलं राहील अशी उंची हवी. केंद्र सरकारच्या त्या सूचनांमध्ये हँडरेल ७६० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन पातळ्यांवर दिली आहे. खालची मुलांना, बुटक्या माणसांना आणि चाकाच्या खुर्चीतून उताराच्या वाटेने जाणाऱ्यांना. मोजायचं ते पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ उभं. फरशीपासून तिरकं मोजलं की हिशेब चुकतो. थोडक्यात, उंच कठडा असेल तर तो तोडायची गरज नाही. त्याच्या आतल्या बाजूला, कमरेच्या जरा खाली, एक गोल नळी लावायची. आमच्या सोसायटीने शेवटी तेच केलं, ग्रॅनाइटला हातही लावला नाही.

आणि नळी दोन्ही बाजूंना हवी. सर्वसाधारण सभेत यावरून बराच वाद झाला, खर्च दुप्पट होतो म्हणून. पण आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांना अर्धांगवायू होऊन गेलाय. त्यांचा उजवाच हात चालतो. वर जाताना उजवीकडे असलेली नळी खाली उतरताना डावीकडे येते. एकाच बाजूला आधार असेल तर ते वर चढू शकतील आणि घरातच अडकतील. दुखणं नसलेल्या माणसालाही उतरताना धोका अधिक असतो. चढताना पुढे तोल गेला तर समोर वरची पायरी असते, उतरताना समोर मोकळी हवा असते. शिवाय खालच्या पायरीवर शरीर अलगद सोडताना मांडीचा स्नायू ताणत-ताणत वजन पेलतो, आणि वयाबरोबर त्याची ताकद कमी होत जाते.

आता बसवण्याबद्दल, कारण मला सर्वांत जास्त भीती तिथेच वाटते. दिसायला चकचकीत रेलिंगं मुळाशी किती कच्ची असतात हे थोड्या आकडेमोडीने कळतं. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ मध्ये, सार्वजनिक वापराच्या जिन्याच्या कठड्याने दर मीटरला ७५ किलोच्या आसपासचा आडवा जोर सोसावा असं धरलंय. सभागृह, स्टेडियम अशा गर्दीच्या जागी त्याच्या तिप्पट. आता दर मीटरला एक खांब आहे आणि तो १ मीटर उंच आहे असं समजा. वरच्या टोकाला ७५ किलोचा जोर लागला की खांब तरफेसारखा काम करतो. त्याच्या तळाच्या पत्र्यावरचे बोल्ट एकमेकांपासून ८ सेंटीमीटरवर असतील तर मागच्या बोल्टवर उपटणारा ताण येतो ९०० किलोच्या पुढे. तरफ १०० ला ८, म्हणजे साडेबारा पट.

हे ९०० किलो कोण पेलणार? बोल्ट काँक्रीटमध्ये खोल गेला असेल आणि कडेपासून पुरेसा आत असेल तर काँक्रीट पेलेल. पण आपल्याकडे बहुतेक वेळा आधी फरशी बसते आणि रेलिंग बनवणारा फॅब्रिकेटर नंतर येतो. तो ग्रॅनाइटला भोक पाडून फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, ठोकतो. दोन सेंटीमीटरची फरशी, खाली तीन-चार सेंटीमीटरचा मसाला, तेवढ्यातच फास्टनर संपतो. वरून चकचकीत वाटी सरकवली की आत काय झालंय ते कुणालाच दिसत नाही. पायरीच्या अगदी कडेला बोल्ट असेल तर दुसरीच आपत्ती: ताण आला की काँक्रीटचा शंकूसारखा तुकडाच निघून येतो. म्हणून नवीन जिना होत असताना फरशी बसायच्या आधी खांबांच्या जागा ठरवाव्यात, किंवा खांब जिन्याच्या स्लॅबच्या बगलेत बसवावेत. भिंतीवर नळी लावायची असेल तर भिंत कशाची आहे ते आधी पाहावं. हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर लोण्यात खिळा मारल्यासारखा बसतो. तिथे रासायनिक अँकर, म्हणजे रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट, किंवा आरपार बोल्ट आणि मागे पत्रा, हाच उपाय.

काम झालं की पैसे चुकते करण्यापूर्वी प्रत्येक खांब दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवा. तळाशी किंचितही टकटक झाली तर काम परत करून घ्या.

धातूच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलाय. ‘ताई, चुंबक लागत नाही बघा, म्हणजे ३०४ आहे,’ असं मलाही सांगितलं गेलं. ३०४, २०२, ३१६ ही स्टेनलेस स्टीलच्या ग्रेडची नावं. दुकानात स्वस्तात मिळणारं २०२ स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे या चाचणीने दोन्हींतला फरक कळतच नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि ते लवकर गंजतं. क्रोमियमचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा स्टीलला गंजू देत नाही, आणि मिठातलं क्लोराइड नेमकं त्या पापुद्र्याला भोकं पाडतं. रत्नागिरी, मालवण, गोवा, मुंबईचा समुद्राकाठ इथे बाहेरच्या रेलिंगला ३१६ च घ्यावं. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते या खाऱ्या हवेला दाद देत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते: फरशीचं काम झाल्यावर कामगार जे ॲसिड टाकून जिना धुतात, त्यातही क्लोराइडच असतं. खांबांच्या बुडाशी सहा महिन्यांत दिसणारे तांबूस डाग बऱ्याचदा त्या एका धुण्याचे असतात.

साध्या लोखंडाचे गजही वाईट नाहीत, रंग वेळेवर लावला तर. त्यांचा जीव जातो तो तळाशी, कोब्यात गाडलेल्या टोकाला, जिथे पाणी साचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो भोवतालचं काँक्रीटही फोडतो. नागपूर-जळगावकडे उन्हातल्या जिन्याला धातूऐवजी लाकडाची किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेली पकड सोयीची पडते. तापलेलं स्टील लाकडापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता हातात सोडतं, आणि चटका बसला की माणूस आधार सोडून देतो.

काचेचा कठडा लावायचाच असेल तर नुसती टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच नको, दोन काचांमध्ये चिवट पडदा असलेली लॅमिनेटेड घ्या. टफन्ड काच फुटली की दाण्यांचा ढीग होतो आणि कठडाच नाहीसा होतो. लॅमिनेटेड तडकली तरी जागेवर उभी राहते. वर हाताला धरायला नळी हवीच.

घरात लहान मूल असेल तर आडव्या पट्ट्यांचं रेलिंग करू नका, ती त्याच्यासाठी शिडी असते. उभे गज, आणि दोन गजांमध्ये १०० मिलिमीटरपेक्षा कमी अंतर. लहानसा सोललेला नारळ आरपार जाऊ नये, असं मी सुताराला सांगते. बाळाचे पाय आणि धड फटीतून निसटतात आणि डोकं अडकतं, म्हणून हा आकडा आलाय.

आमच्या जिन्यात नळी बसवायला आलेल्या दादांशी माझा एकच खटका उडाला. नळी शेवटच्या पायरीच्या पुढे ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभर, न्यायची असं मी सांगितलं होतं. ‘ताई, जिना इथं संपतो की, हा तुकडा वाया कशाला?’ ते कापायची मशीन घेऊन तयारच होते. जिना संपला असं डोळ्यांना वाटतं त्यानंतरही पाय अजून एक पायरी शोधत असतो, किंवा एक पायरी उरलेली असताना तो सपाट टाकला जातो. आई तशीच पडली होती. तो फूटभर तुकडा त्या चुकीसाठी असतो. शेवटी त्यांनी तो ठेवला आणि टोक वळवून भिंतीत घेतलं, म्हणजे पदर किंवा पिशवीचा बंद त्यात अडकणार नाही. नळीला गडद निळा रंग दिला. पांढऱ्या भिंतीपुढे चकचकीत स्टील आईच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर आई पहिल्यांदा एकटी खाली उतरली, तेव्हा मी दारातून बघत होते. पायऱ्या संपल्या, दोन्ही पावलं जमिनीवर आली, तरी तिने मूठ सोडली नाही. एक पाऊल पुढे टाकलं, नळीच्या वळलेल्या टोकापर्यंत हात नेला, आणि मग सोडला.