ॲलर्जीचा पत्ता

१९२१ साली ब्रेस्लाऊ शहरातले दोन डॉक्टर एकमेकांवरच प्रयोग करत होते. त्यातल्या हाइन्झ क्युस्टनरला शिजवलेला मासा चालत नसे. घासभर पोटात गेला तरी अंगाला खाज सुटायची, गांधी उठायच्या, शिंका आणि खोकला सुरू व्हायचा. कार्ल प्राउस्निट्झला माशाचं काही वावडं नव्हतं. त्याने क्युस्टनरचं रक्त घेतलं, त्यातल्या पेशी बाजूला केल्या आणि उरलेला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, स्वतःच्या पोटाच्या त्वचेत थोडासा टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तिथे फुगीर, फिकट चट्टा उठला, भोवती लाली पसरली आणि खाज सुरू झाली. जिथे सीरम टोचलं नव्हतं तिथली त्वचा मात्र ढिम्म राहिली.

म्हणजे ॲलर्जी उसनी घेता येत होती, तीही पोटावरच्या बोटभर जागेपुरती.

तोवर ‘ॲलर्जी’ हा शब्द जेमतेम पंधरा वर्षांचा होता. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने तो १९०६ साली घडवला होता. एखाद्या गोष्टीशी एकदा गाठ पडली की पुढच्या वेळी शरीर वेगळं वागतं, एवढाच त्याचा रोख होता. पण हे वेगळं वागणं शरीरात साठवलेलं असतं कुठे? प्राउस्निट्झच्या पोटाने पहिलं उत्तर दिलं: सीरममध्ये. शंभर वर्षांत हा पत्ता बऱ्याचदा बदलला. गंमत म्हणजे आधीचा पत्ता कधीच चुकीचा ठरला नाही. तिथे गेलं की एवढंच कळायचं की बिऱ्हाड इथेही आहे आणि पलीकडेही.

सीरममधला तो पदार्थ हाती लागायला आणखी चार दशकं गेली, कारण तो असतोच चिमूटभर. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य डेन्व्हरमध्ये काम करत होतं. रॅगवीड नावाच्या तणाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या रुग्णांचं सीरम घ्यायचं, त्यातली प्रथिनं वेगवेगळी करायची आणि नेमक्या कुठल्या वाट्यात तो खोडकर पदार्थ आलाय हे स्वतःच्या त्वचेवर टोचून बघायचं, असा त्यांचा उद्योग. इतक्या सूक्ष्म प्रमाणाला दाद देणारं दुसरं उपकरणच तेव्हा नव्हतं. १९६६ साली त्यांनी नव्या जातीचं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, सापडल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांना एका कर्करुग्णाच्या रक्तात तेच प्रथिन भरपूर प्रमाणात मिळालं. १९६८ साली त्याचं बारसं झालं: इम्युनोग्लोब्युलिन ई, थोडक्यात आयजीई.

आयजीई एकटं काही करत नाही. ते मास्ट पेशीला जाऊन चिकटतं. या पेशी त्वचेत, नाकाच्या आणि आतड्याच्या अस्तरात, रक्तवाहिन्यांच्या कडेने बसलेल्या असतात. पॉल एर्लिखने १८७८ साली त्यांचं वर्णन केलं तेव्हा आत गच्च भरलेले कण पाहून त्याला वाटलं, या पेशी खाऊन खाऊन तुडुंब झाल्या आहेत. म्हणून त्याने त्यांना ‘पोसलेल्या पेशी’ असं जर्मन नाव दिलं. ते कण अन्नाचे नव्हते. ती दारूगोळ्याची पोती होती, हिस्टामिन नावाच्या रसायनाने भरलेली. शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकाच परागकणाच्या किंवा शेंगदाण्याच्या प्रथिनाने धरून एकत्र आणलं की ही पोती फुटतात. रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरू लागतात, चेतातंतू चाळवतात आणि अंगावर ‘पित्त उठतं’. (या पित्ताचा यकृतातल्या पित्ताशी काही संबंध नाही, पण शब्द इतका रुळलाय की तो बदलायच्या भानगडीत मी पडणार नाही.) हेच सगळ्या अंगात एकदम झालं तर रक्तदाब कोसळतो, घसा आवळतो. त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं. शिंकांवरच्या गोळीने तिथे भागत नाही.

इथवरची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. आता तिच्यातला पेच बघा. रक्तातलं आयजीई दोनेक दिवसांत निम्मं होतं. मास्ट पेशीला चिकटलेलं काही आठवडे टिकतं. आयजीई बनवणाऱ्या पेशीही बहुतांशी अल्पायुषी असतात. मग शेंगदाण्याची ॲलर्जी आयुष्यभर कशी पुरते? दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वयाबरोबर जाते, शेंगदाण्याची मात्र साधारण पाचातल्या एकाचीच. वर्षानुवर्षं एकही दाणा तोंडात न घातलेला माणूस चुकून एक दाणा खातो आणि शरीराला सगळं लख्ख आठवतं. ही आठवण ठेवतं कोण?

१९९७ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक विलक्षण हकिगत छापली. शेंगदाण्याच्या ॲनाफिलॅक्सिसने मरण पावलेल्या एका व्यक्तीचे अवयव दान झाले. एका रुग्णाला यकृत आणि एक मूत्रपिंड मिळालं, तर दुसरीला स्वादुपिंड आणि दुसरं मूत्रपिंड. पहिल्या रुग्णाला आधी शेंगदाण्याचा काही त्रास नव्हता. प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांनी त्याने शेंगदाणे खाल्ले आणि अंगावर पुरळ उठलं, श्वास अडकला. दुसऱ्या रुग्णाला काहीच झालं नाही. यकृत हा रोगप्रतिकारक पेशींनी गजबजलेला अवयव. त्याच्याबरोबर दात्याच्या काही पेशी नव्या घरी आल्या असाव्यात आणि येताना जुनी आठवण घेऊन आल्या असाव्यात. पोटावरच्या चट्ट्यापेक्षा ही उसनवारी फारच महाग होती.

आठवणीच्या या पेशींचा माग २०२४ साली चांगलाच जवळून लागला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाशी जोडलेला एक गट आणि न्यूयॉर्कमधला दुसरा गट वेगवेगळं काम करत होते आणि दोघेही एकाच प्रकारच्या पेशींपाशी पोचले. या आहेत स्मृती राखणाऱ्या बी पेशी, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या कुळातल्या. मजा अशी की त्यांच्या अंगावर आयजीई नसतं. त्या मिरवतात आयजीजी, म्हणजे आपल्या रक्तात मुबलक असणारं, जंतूंशी लढणारं, एकूण सज्जन समजलं जाणारं प्रतिपिंड. पण ॲलर्जी असलेल्या माणसात या पेशींवर काही खास खुणा असतात आणि इंटरल्यूकिन-४ नावाचा निरोप ऐकायची त्यांची तयारी असते. शेंगदाणा पुन्हा आला की त्या पाटी बदलतात आणि त्यांची पिलावळ आयजीई बनवू लागते. आयजीईवाल्या स्मृतिपेशींचा शोध घेऊन लोकांच्या हाती फारसं काही लागत नव्हतं, ते यामुळेच. चोर शोधणारे साध्या वेशातल्या माणसाकडे बघतच नव्हते.

हे कळल्याने औषधांकडे बघायची नजरही बदलते. ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन दम्यासाठी २००३ पासून वापरात आहे. ते रक्तातलं मोकळं आयजीई वाटेतच पकडतं आणि मास्ट पेशीपर्यंत पोचू देत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते अन्नाच्या ॲलर्जीसाठीही मंजूर केलं. ज्या चाचणीवर ही मंजुरी बेतली होती तिच्यात १६ ते २० आठवड्यांच्या उपचारानंतर ६७ टक्के रुग्णांना ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन, म्हणजे साधारण अडीच दाणे, ठळक त्रास न होता पचले. खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. अडीच दाणे ऐकून हसू येईल, पण ज्या घरात चमच्याला लागलेल्या कणाचीही धास्ती असते तिथे या अडीच दाण्यांची किंमत विचारा. तरीही हा इलाज दर दोन-चार आठवड्यांनी इंजेक्शन घेत राहण्याचा आहे. टपाल वाटेत अडवलं म्हणून पत्रं लिहिणारा थांबत नाही. इंटरल्यूकिन-४ चा निरोपच बंद करणारी औषधं इसबासाठी आणि दम्यासाठी आधीपासून आहेत. त्या स्मृतिपेशींना कायमचं भलतीकडे वळवता येईल का, हा आता या क्षेत्रातला सगळ्यात चुरशीचा प्रश्न आहे, असं मला वाटतं.

पण मुळात आठवण तयार होते कुठे? इथे वैद्यकाला आपला शब्द गिळावा लागला. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला होता की ज्या मुलांना धोका जास्त त्यांना तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा देऊ नये. सल्ला तर्काला धरून वाटत होता, पण २००८ मध्ये पुराव्याअभावी तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने ब्रिटनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना छापली. वंश साधारण एकच, पण ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट. इस्रायलमधली तान्ही मुलं शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ दात येण्याच्या वयापासून चघळत होती, ब्रिटनमधली नव्हती.

पुढे याच गटाने ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं निवडली, सगळी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केला. पाचव्या वर्षी वर्ज्य गटात १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. हे निष्कर्ष २०१५ चे. सहाव्या वर्षानंतर कोणी काय खावं हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. २०२४ साली तेराव्या वर्षाच्या आसपास त्यातल्या बहुतेक मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा आकडे होते १५.४ आणि ४.४. बाळपणी बसलेली घडी मोडली नव्हती. (तीव्र इसब असलेल्या बाळाला घरच्या घरी हा प्रयोग करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा तर कुठल्याच बाळाला नको, तो श्वासनलिकेत अडकतो.)

यामागचा लॅक यांचा अंदाज मला फार आवडतो, कारण तो जागेबद्दल आहे. तेच प्रथिन आतड्यातून आलं तर शरीर त्याला पाहुणा मानतं, फाटलेल्या त्वचेतून आलं तर घुसखोर. इसब झालेली त्वचा म्हणजे भेगाळलेली भिंत. घरातल्या धुळीत शेंगदाण्याचे कण असतातच. बाळाने शेंगदाणा खाल्लेला नसतो, पण त्याच्या त्वचेने तो चाखलेला असतो. आतड्याकडे मात्र नियामक टी पेशींची फौज असते, ती बाकीच्यांना ‘जाऊ दे, आपलाच आहे’ असं समजावत राहते. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना या पेशींच्या शोधाबद्दलच मिळालं. ज्या बाळांत या पेशी घडवणारं जनुक बिघडलेलं असतं त्यांना इसब आणि अन्नाची ॲलर्जी होते, आयजीई भडकलेलं असतं.

त्वचेवाटे शिकवणीचं टोकाचं उदाहरण गोचिडीचं. अमेरिकेतली लोन स्टार गोचीड चावली की काही जणांच्या अंगात अल्फा-गॅल या साखरेविरुद्ध आयजीई तयार होतं. ती साखर सस्तन प्राण्यांच्या मांसात असते. मग वर्षानुवर्षं मटण पचवणारा माणूस रात्री जेवतो आणि तीन ते सहा तासांनी, मध्यरात्री, अंगभर गांधी घेऊन उठतो. ही ॲलर्जी उलगडणारे व्हर्जिनियाचे थॉमस प्लॅट्स-मिल्स यांना स्वतःलाच डोंगर भटकताना गोचिडी चावल्या आणि पुढे मटण खाऊन त्यांनी ही मध्यरात्र अनुभवली. ॲलर्जीच्या संशोधकांची ही परंपराच दिसते.

आयजीई आहे, मास्ट पेशी आहेत, आठवणही आहे, तरी खाल्ल्यावर काही होत नाही, असेही लोक असतात. तपासणीत शेंगदाण्याचं आयजीई सापडतं आणि माणूस मजेत शेंगदाणे खात असतो. याचा एक धागा २०२५ मध्ये उंदरांत सापडला. उंदरांची एक जात अशी की शेंगदाणा टोचून दिला तर ॲनाफिलॅक्सिस होतो, खायला घातला तर नाही. फरक निघाला एका जनुकात. ल्युकोट्रिएन नावाची रसायनं मोडणारं विकर ते बनवतं. ही रसायनं वाढली की आतड्यातून प्रथिन रक्तात जास्त झिरपतं. दम्यासाठी जुनंच असलेलं झायल्यूटॉन हे ल्युकोट्रिएन रोखणारं औषध आधी दिलं, तर नाजूक जातीच्या उंदरांनाही बरंच संरक्षण मिळालं. माणसांत हे चालतं का याच्या चाचण्या आता कुठे सुरू होताहेत.

आणि एक प्रयोग २०२३ चा, येल आणि हायडेलबर्ग इथल्या गटांनी स्वतंत्रपणे केलेला. उंदराच्या पिंजऱ्यात दोन बाटल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत अंड्यातल्या पांढऱ्याचं प्रथिन मिसळलेलं. साधा उंदीर अंड्याच्या बाटलीला लुचतो, त्याला ती चव आवडते. अंड्याची ॲलर्जी करून दिलेला उंदीर जरासं चाखतो आणि साध्या पाण्याकडे वळतो, तेही फार काही बिघडायच्या आधी. आयजीई अडवलं किंवा मास्ट पेशीच नसलेला उंदीर घेतला, तर तो ॲलर्जी असूनही पुन्हा अंड्याच्याच बाटलीपाशी जातो आणि पीत राहतो. नको म्हणायचं त्याला सुचतच नाही. येलच्या गटाला अंडं टाळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत मळमळीशी आणि नकोशा अनुभवांशी जोडलेले भाग जागे झालेले दिसले. आयजीईने मास्ट पेशीला कळवलं होतं आणि मास्ट पेशीने मेंदूला. उंदराने तोंड फिरवलं होतं, एवढंच.