नशेतील वाहनचालन आणि प्राणघातक अपघात

दारू, अमली पदार्थ किंवा गुंगी आणणाऱ्या औषधांमुळे क्षमता घटलेली असताना वाहन चालवणे म्हणजे नशेतील वाहनचालन. अमेरिकेत २०२२ साली रस्ते-अपघातांत गेलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के, म्हणजे १३,५२४ जणांच्या अपघातांत निदान एका चालकाच्या रक्तात ०.०८ टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्क होता. मृतांमध्ये दारूचा थेंबही न घेतलेले सहप्रवासी आणि पादचारीही असतात.

जीभ अडखळण्याच्या बऱ्याच आधी निर्णयशक्ती ढिली पडते. ‘मी पूर्ण शुद्धीत आहे’ ही चालकाची खात्री म्हणूनच धरून चालता येत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धाच सेकंद उशीर झाला, तरी ती ११ मीटर पूर्ण वेगाने पुढे गेलेली असते. रस्ता ओलांडणारे मूल नेमके तेवढ्याच अंतरावर असू शकते. त्यातच नशेतला चालक बऱ्याचदा भरधाव असतो, सीटबेल्ट लावत नाही, आणि एरवी दुखापतीवर निभावले असते तो अपघात जिवावर बेततो. रात्री एकटीच गाडी रस्ता सोडून झाडावर किंवा कठड्यावर आदळते, अशा अपघातांत दारूचे प्रमाण विशेष आढळते.

श्वासातून मद्यार्क मोजणारे ‘ब्रेथलायझर’ यंत्र १९५४ मध्ये बनवणारे रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी पुढे अपघातग्रस्त आणि इतर चालकांची तुलना केली. मद्यार्क ०.०८ टक्क्यांपुढे गेला की धोका झपाट्याने चढतो, असे त्यांना दिसले. रक्तातील मद्यार्काची कायदेशीर मर्यादा नॉर्वेने १९३६ मध्येच घातली होती. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण चालकांसाठी ०.०५, तर तरुण व नवख्यांसाठी ०.०२ टक्के मर्यादा सुचवते. मर्यादेच्या आत असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे.

कॉफी किंवा गार पाण्याने दारू उतरत नाही. शरीर तासाला साधारण ०.०१५ टक्के इतकाच मद्यार्क निकाली काढते. मध्यरात्री ०.१५ टक्के असलेल्याच्या रक्तात सकाळी सहालाही सुमारे ०.०६ टक्के उरतो.

गांजाचे मोजमाप अधिक अवघड आहे. रक्तातील प्रमाणावरून क्षमता किती घटली हे नेमके ठरत नाही. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीवरची काही औषधेही गुंगी आणतात. सोबत दारू घेतल्यास परिणाम वाढतो.

अचानक होणारी श्वासतपासणी, आणि श्वासात मद्यार्क आढळल्यास इंजिन सुरूच होऊ न देणारे कुलूपयंत्र, हे दोन्ही उपाय परिणामकारक ठरले आहेत. मात्र कुलूपयंत्र गाडीतून काढल्यावर त्याचा परिणाम फारसा टिकत नाही.