आघातोत्तर ताणविकार व नैराश्य, माजी सैनिकांतील

युद्धानंतर सैनिकाच्या मनात आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगाच्या आठवणी, दुःस्वप्ने व ताण मागे राहण्याचा विकार) आणि नैराश्य एकाच काळात असण्याची अवस्था. पीटीएसडी जडलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना नैराश्यही असते. सैनिकांत हे प्रमाण काहीसे अधिक आढळते.

अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांच्या छातीतील धडधडीचे वर्णन जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये केले. ते आजच्या पीटीएसडीचेच पूर्वरूप होते की नाही, याविषयी मतभेद आहेत. ‘शेल शॉक’ ही संज्ञा चार्ल्स मायर्स यांच्या १९१५ मधील लेखामुळे रूढ झाली, पण पुढे त्यांनाच ती गैरलागू वाटू लागली. अमेरिकी निदानसंहितेत पीटीएसडीला स्थान मिळाले ते १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धानंतर. त्या युद्धभूमीवर गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्के जणांना कधी ना कधी हा विकार झाला, असे राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या १९९० च्या अहवालात म्हटले होते. २००६ मध्ये लष्करी कागदपत्रे पडताळून, निकष कडक करून पुन्हा मोजणी झाली. तेव्हा आकडा १८.७ टक्क्यांवर आला. तोच अधिक ग्राह्य वाटतो.

हे विकार दोन की एक, हा खरा वाद आहे. झोपमोड, एकाग्रता ढळणे, रस उडणे आणि अपराधभाव ही लक्षणे दोन्हीकडे मोजली जातात. २०१३ च्या निदानसंहितेत पीटीएसडीच्या २० लक्षणांत नकारात्मक विचार-भावनांची सात आल्याने ही सरमिसळ वाढली. मात्र सामाईक लक्षणे वगळून मोजले तरी सहअस्तित्व फारसे घटत नाही. त्यामुळे केवळ मोजणीचा दोष म्हणून ते बाजूला सारता येत नाही. एकाच आघाताला मनाने दिलेला हा व्यापक प्रतिसाद असावा, हे मत अधिक पटते.

निदानात चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. प्रसंग आठवणेच टाळणारा सैनिक फक्त झोप आणि चिडचिड सांगतो, मग नैराश्याचे औषध सुरू होते आणि आघात न विचारलेलाच राहतो. म्हणून अपराधभाव कशाचा, हे नेमके विचारावे : साथीदार गेले आणि आपण उरलो याचा, की आपण एकूणच निरुपयोगी असल्याचा? पहाटे जाग येते ती दुःस्वप्नाने की उगाच? दोन्ही प्रश्नांत पहिले उत्तर आघाताकडे, दुसरे नैराश्याकडे बोट दाखवते. पीटीएसडीच्या पीसीएल-५ प्रश्नावलीत ८० पैकी ३१ ते ३३ आणि नैराश्याच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत २७ पैकी १० गुण झाल्यास सविस्तर तपासणी करतात. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. एकूण गुण कमी असले तरी त्याचे उत्तर वेगळे पाहावेच लागते, कारण दोन्ही विकार एकत्र असताना हा धोका वाढतो. दारूचे प्रमाण आणि घरातील शस्त्र यांचीही विचारणा त्याच भेटीत व्हावी.

आघातकेंद्री मानसोपचारांना पहिली पसंती असते : विचारप्रक्रिया उपचाराची (आघाताविषयीचे चुकीचे विचार तपासून बदलण्याची) साधारण १२ सत्रे किंवा दीर्घ सामोरे जाण्याची (टाळलेल्या आठवणींना हळूहळू भिडण्याची) ८ ते १५. नैराश्य आहे म्हणून ते लांबणीवर टाकण्याचे सहसा कारण नसते. आघातावरील उपचाराने नैराश्यही बरेचदा उतरते. मात्र निरुत्साहामुळे सत्रे चुकतात आणि घरचा सराव राहतो, तिथे पाठपुरावा हवा. सर्ट्रालिन हे नैराश्यविरोधी औषध (दिवसाला ५० ते २०० मिग्रॅ.) दोन्हींवर चालते, पण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच गोळी सोडली की उपचार फसतो. झोपेसाठी बेंझोडायझेपिन या गुंगी आणणाऱ्या गटातील गोळ्या देणे अमेरिकी लष्करी मार्गदर्शिकेला मान्य नाही.

भारतात सेनादलांसाठी टेली-मानस या सरकारी दूरध्वनी मानसिक आरोग्य सेवेचा विशेष कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून सुरू झाला.